सातवं कलम

आधीच सांगून ठेवते, मला गोड बोलता येत न्हाई. देगलूर तालुक्याच्या पार टोकाला आमची हणमंतवाडी. मोबाईलला घरात महाराष्ट्राची रेंज अन् अंगणात कर्नाटकाची. तिथं मला सगळे ‘आनंदा पाणीवाल्याची तिखट बायको’ म्हणून वळखतात. माझं नाव बुद्धप्रिया सोनकांबळे. अंगणवाडीत मदतनीस हाय, दिवसभर चाळीस लेकरं आवरते, म्हणून आवाज जरा मोठा हाय. पण गोष्ट माझी न्हाई, आमच्या ह्यांची हाय. आनंदराज सोनकांबळे, वय बावन्न. एकवीस वर्षं ह्या माणसानं गावाला पाणी सोडलं, अन् एक दिवस बी खाडा केला न्हाई. सासूबाई वारल्या त्या दिवशी सुद्धा आधी पाणी सोडून आले अन् मग तिरडीला खांदा दिला. तेव्हा मी लई भांडले होते.

पाणी कुठलं, ते सांगते. मांजरा नदीच्या पल्याड चार गावं कर्नाटकाची, अल्याड पाच गावं आपली. एका वर्षी असा दुष्काळ पडला की टँकर सुद्धा येईना. तेव्हा नऊ गावच्या म्हाताऱ्यांनी एका जागी बसून पाणी संघ काढला. विहीर अन् मोटार नदीकाठी, त्यांच्या हद्दीत. मोठी टाकी आपल्या माळावर, कारण उंच माळ आपलाच. टाकीच्या बुडाला एक खोली, खोलीत आपल्या गावाच्या लाइनीचे व्हॉल्व्ह, अन् व्हॉल्व्हपाशी आमचे हे. पगारी न्हाईत, कायम न्हाईत, संघाच्या मानधनावर. ‘कायम करू, कायम करू’ हे ऐकून ऐकून माझे केस पांढरे झाले.

त्यांचं काम बघायला पाहिजे. खाली बसून पाइपाला कान लावायचे. आत हवा हाय का पाणी, ते आवाजावरून कळायचं. मग पाटलाची गल्ली, मग मठाची, मग बाजारतळ, असं करत सगळ्यात शेवटी आमचं भीमनगर. मी म्हणायची, “अहो, चावी तुमच्या हातात, अन् आपल्याच गल्लीला शेवटी पाणी?” तर म्हणायचे, “आधी आपल्याला सोडलं तर लोक नाव ठेवतील.” झालं! लोकांनी नाव ठेवू नये म्हणून मी एकवीस वर्षं सगळ्यांच्या मागून घागर भरली. पण सासूबाईला, पार्वतीबाईला, ह्याचा लई अभिमान होता. त्यांच्या लहानपणी गावच्या आडावर आमच्या माणसाला पाय ठेवू देत नव्हते. वरून कुणी ओतंल तेवढंच पाणी. त्या म्हणायच्या, “आता सगळं गाव माझ्या लेकानं सोडलेलं पाणी पितंय.” म्हातारी हे रोज सांगायची, अन् रोज नव्यानं खूश व्हायची.

आता भानगड कुठून लागली बघा. दोन सालाखाली उन्हाळा कडक होता. संघाच्या बैठकीत ठरलं, ज्या गावात टँकर पोचत न्हाई त्यांना आधी पाणी. त्यात दोन गावं पल्याडची होती. आपल्या गावाला चार दिवस पाणी कमी आलं. बस्स, गावातला एक तरणा पुढारी, संगमेश्वर, त्यानं टाकीवरच्या पाटीचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. पाटीवर संघाचं नाव वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. ‘माळ आपला, टाकी आपली, अन् मराठी खाली का?’ वीस वर्षं ती पाटी तिथंच होती, कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. आता दिवसभर सगळे तीच पाटी बघायले.

त्या पाटीवर निवडणूक झाली. तिघांनी मिळून पॅनल काढलं. शेषेराव पाटील, रामलिंग अप्पा अन् हा संगमेश्वर. एकाच बॅनरवर तिघांचे हात जोडलेले फोटो, अन् खाली लिवलेलं, ‘संघातून बाहेर, गाव आपलं मुखत्यार.’ निवडून आले. शेषेराव सरपंच, अप्पा उपसरपंच, संगमेश्वर सदस्य. गुलाल आमच्या दारापर्यंत आला. ह्यांनी अंगावरचा गुलाल झटकला अन् मला विचारलं, “संघातून गाव बाहेर गेलं, तर मी कुणाचा?” संघाचा नियम होता, माणूस संघातल्याच गावचा पाहिजे. मग गाव बाहेर तर हे बी बाहेर. मला तेव्हाच धडकी भरली.

शेषेराव पाटील चार महिने संघाशी बोलणी करत होते. पल्याडून संघाच्या सचिव गौरम्मा बाई यायच्या. रिटायर शिक्षिका, पांढरी साडी, अर्धं कन्नड अर्धं मराठी. करार तयार झाला, सात कलमांचा. पहिली सहा कलमं टाकी कुणाची, पाइप कुणाचा, गाव स्वतःची विहीर खांदंपर्यंत दोन वर्षं किती पाणी द्यायचं, असली. सातवं कलम गौरम्माबाईंनी स्वतः हट्टानं घातलं. हणमंतवाडीची ग्रामपंचायत आनंदराज सोनकांबळेला आपला कायम कर्मचारी म्हणून घेईल. मी तिथं चहा घेऊन गेले होते, मी कानांनी ऐकलं. त्या पाटलाला म्हणाल्या, “एकवीस वर्षं ह्यानं पाणी सोडलंय. तुमचं-आमचं भांडण झालं म्हणून ह्याला वाऱ्यावर सोडायचं न्हाई.” परक्या गावची बाई हो! आपल्या गावातल्या एकाला बी हे सुचलं नव्हतं. घरी येऊन मी ढसाढसा रडले, आनंदानं.

मला वाटलं, झालं. करार झाला, सही झाली की हे कायम. कुठलं काय!

एक मेच्या ग्रामसभेत करार वाचून दाखवला अन् रामलिंग अप्पा उठले. स्वतःच्याच पॅनलच्या सरपंचावर! “बाहेर पडायचं म्हणजे पडायचं. करार कशाला? दोन वर्षं त्यांचंच पाणी प्यायचं तर बाहेर काय पडलो?” मग संगमेश्वर उठला. “करार पाहिजे, पण हा न्हाई. ह्यात टाकी त्यांच्याकडंच ठेवली. टाकी सोडून बाहेर पडणं म्हणजे बायको सोडून वरात घरी आणणं.” लोक हसले. पाटील म्हणाले, “ह्याहून चांगला करार मिळत न्हाई.” हरलेले पॅनलवाले मागं बसून शेंगा खात तमाशा बघायले. हात वर झाले, करार पडला. सातव्या कलमाबद्दल कुणी चकार शब्द काढला न्हाई, ना बाजूनं ना विरोधात. मी भिंतीला टेकून उभी होते अन् माझं डोकं फिरून गेलं होतं.

आमची महामाया लातूरला कॉलेजात शिकते. फोनवर म्हणाली, “आई, एक अख्खा देश असाच संघातून बाहेर पडला होता. तिथं बी बाहेर पडा म्हणणारेच आपसात वर्षानुवर्षं भांडत बसले.” मी म्हणलं, “त्यांच्या नळाला निदान पाणी तर येत असंल.”

जूनमध्ये कहर झाला. अप्पांनी व्हॉल्व्हच्या खोलीला कुलूप लावलं. संघाचं पाणी नको म्हणजे नको. बायका घागरी घेऊन त्यांच्या दारात गेल्या तेव्हा चावी द्यायला तयार झाले, पण कुलूप काढलं न्हाई. म्हणाले, “पाणी सुटंल, पण माझ्या परवानगीनं.” हे ऐकून पाटलांनी दुसरी कडी ठोकून आपलं कुलूप लावलं, सरपंच कोण हाय ते कळावं म्हणून. मग संगमेश्वर कसा मागं राहील? तिसरी कडी, तिसरं कुलूप. एका दाराला तीन कुलपं! माळावर एक मोडकं दार, आत चोरण्यासारखा खिळा न्हाई, अन् बाहेर बँकेसारखा बंदोबस्त.

अन् चाव्या गोळा कोण करणार? आमचे हे. घोडं मरतंय ओझ्यानं अन् शिंगरू मरतंय हेलपाट्यानं, ते काय खोटं न्हाई. उजाडलं की निघायचे. आधी पाटलाचं घर. पाटील फाटकाशी उभं करायचे अन् विचारायचे, “काय आनंदा, अप्पा काय म्हणायले?” हे म्हणायचे, “काय न्हाई पाटील.” मग अप्पा. अप्पांची पूजा संपंपर्यंत ओट्याखाली उभं राहायचं. पूजा झाली की अप्पा हळूच, “का रे, पाटलाकडून आलास ना? काय शिजायलंय तिथं?” “काय न्हाई अप्पा.” मग संगमेश्वर. तो नऊशिवाय उठायचा न्हाई. डोळे चोळत चावी द्यायचा अन् म्हणायचा, “दोन्ही म्हातारे तुझ्याशी काय गुलूगुलू बोलतात रोज?” “काय न्हाई दादा.” तिन्ही चाव्या हाती यायला दहा वाजायचे. पाणी यायला अकरा. अन् बायका शिव्या कुणाला द्यायच्या? ह्यांनाच! ज्यांनी कुलपं लावली त्यांच्यापुढं पदर डोक्यावर, अन् आमच्यापुढं तोंडाचा पट्टा.

मी एक दिवस भाकरी थापता थापता बोलले, “अहो, कुणाच्या तरी एकाच्या बाजूनं व्हा. पाटलाच्या व्हा, न्हाईतर अप्पाच्या व्हा. तो तरी तुमच्यासाठी बोलंल.”

“एकाचा झालो की बाकीच्या गल्ल्या म्हणतील, आमचं पाणी कमी सोडलं.”

“मग निदान एकाचं दुसऱ्याला सांगत तरी जा. तेवढीच तुमची किंमत वाढंल.”

“मला पाणी सोडायला ठिवलंय, चुगल्या करायला न्हाई,” म्हणाले अन् ताटावरून उठले. असा माणूस. इमानदारी तर इतकी की माझं डोकं भणभणायचं.

पंधरा ऑगस्टला करार दुसऱ्यांदा पडला. दोन ऑक्टोबरला तिसऱ्यांदा. दर वेळी पाटील संघाकडं मुदत वाढवून मागायला जायचे, अन् गावात येऊन सांगायचे, “थोडा बदल होईल म्हणतात.” होणार काय डोंबल! शेवटी गौरम्माबाई स्वतः आल्या, ग्रामपंचायतीत बसल्या अन् तिघांच्या तोंडावर म्हणाल्या, “बेडप्पा, नको बाबांनो, आता पुरे. पहिल्या सहा कलमांतली एक ओळ बदलणार न्हाई. एकतीस जानेवारीपर्यंत मंजूर असंल तर सही, न्हाईतर एक फेब्रुवारीपासून तुमच्या गावाची लाइन बंद.” जाताना आमच्या दारात थांबल्या. ह्यांच्याकडं बघून म्हणाल्या, “आनंदराज, मी जेवढं करायचं तेवढं केलं.” ह्यांनी हात जोडले.

आली सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, लेकरांना बुंदी वाटली अन् शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसली. हे तिथं नव्हते. सणाच्या दिवशी सगळ्यांना लवकर पाणी पाहिजे, म्हणून टाकीवर होते. जाताना मला म्हणाले, “तू जा. पण भांडू नको.” आता मला हे सांगणं म्हणजे काय सांगणं हाय?

दीड तास तेच. पाटील म्हणाले, करार. अप्पा म्हणाले, करार नको. संगमेश्वर म्हणाला, टाकी. पुन्हा पाटील, पुन्हा अप्पा. ग्रामसेवक सत्यम, नवीनच आलेला पोरगा, पेन उघडून बसलेला, त्याला लिवायला एक ओळ मिळंना. एकतीस तारखेला पाच दिवस राहिले होते. लाइन बंद झाली तर करार बी गेला, सातवं कलम बी गेलं, अन् आमचे हे ना संघाचे ना गावाचे. माझ्या डोळ्यापुढं तेवढंच दिसायलं होतं. अन् हे तिघं आपले मिशीला पीळ देत बसलेले.

मी उठले. पदर खोचला. कुणाला विचारलं न्हाई.

“अवो, लाजा वाटतात का काही तुम्हाला? एका बॅनरवर तिघांचे फोटो होते! एका दाराला तीन कुलपं लावलीत, अन् चावीसाठी माझ्या नवऱ्याला आठ महिने गावभर पळवलं. अकरा वाजता पाणी येतंय, लेकरं पारोशी अंगणवाडीत येतात. त्या गौरम्माबाई परक्या गावच्या, त्यांचा शब्द एक. अन् तुम्ही आपले, तुमच्या तिघांची तीन तोंडं! आता मी सांगते ते लिवा. जे तुम्हा तिघांना पटतंय ते ठेवा. जे तिघांना नको ते काढा. अन् आज, आत्ता, ह्या बुंदीचा हात धुवायच्या आत ठराव करा!”

टाळ्या पडल्या हो. बायकांनी तर हलकल्लोळ केला. आमच्या गल्लीची अंजू उभी राहून ओरडली, “बरोबर हाय!” पाटील उठले, म्हणाले, “बाई खरं बोलल्या. आम्हाला दहा मिनिटं द्या.” अन् तिघं पटांगणाबाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहिले. वर्षभरात तिघं पहिल्यांदा एका सावलीत उभे होते. मी तिकडं बघत होते अन् माझा ऊर भरून आला होता.

लिंबाखाली काय झालं, ते मला नंतर सत्यमनं सांगितलं. पण तुम्हाला आत्ताच सांगते. सहा कलमांत बदल होणार नव्हता, हे तिघांना बी ठाऊक होतं. पाणी बंद झालं तर गाव जोड्यानं मारंल, हे बी ठाऊक होतं. पण आपण हरलो असं दिसायला नको होतं, काहीतरी काढून घेतल्याचं दाखवायला पाहिजे होतं. मग राहिलं काय? सातवं. ते संघाला विचारायची गरज न्हाई, गावाचा घरचा मामला. पाटील म्हणाले, “अप्पा, तो आनंदा रोज सकाळी तुमच्या ओट्याशी असतो, तुमचा माणूस हाय.” अप्पा म्हणाले, “माझा? तो तर संगमेश्वरच्या घरात घुसतो रोज.” संगमेश्वर म्हणाला, “आधी पाटलाकडं हजेरी लावून मग माझ्याकडं येतो, मी बघतो ना.” तिघांना वाटायचं हा दुसऱ्याचा खबरी. बाकी कशावर न्हाई पण ह्या एका गोष्टीवर तिघांचं एका मिनिटात जमलं. राहिलेली नऊ मिनिटं म्हणे पिकपाण्यावर बोलले.

परत आले ते हसत. सत्यमनं वाचून दाखवलं, “ज्या कलमांवर सर्वांचं एकमत आहे ती कायम ठेवून व उर्वरित वगळून करार मंजूर करण्यात येत आहे.” माझेच शब्द, फक्त इस्त्री केलेले. ‘उर्वरित’ म्हणजे काय, ते मी विचारलं न्हाई. मला काय वाटलं, काहीतरी टाकीचं असंल, पाटीचं असंल. माझ्या नवऱ्याशी कुणाचं वाकडं असंल, हे माझ्या सपनात सुद्धा आलं न्हाई. सगळ्यात आधी मी हात वर केला. माझं बघून भीमनगरच्या सगळ्या बायकांनी. मग सगळ्या गावानं. एकमतानं!

मी पळतच माळावर गेले. हे पाइपाला कान लावून बसले होते. मी लांबूनच ओरडले, “ठरलं! माझ्यामुळं ठरलं! आता तुम्ही कायम!” ते उठले, हात पुसले, अन् एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी भीमनगरचा व्हॉल्व्ह सगळ्यात आधी उघडला. “आज एक दिवस चालतंय,” म्हणाले. घरी मी शिरा केला. गल्लीत वाटला. सासूबाईच्या फोटोपुढं वाटी ठेवली. महामायाला फोन लावून ह्यांच्या हातात दिला.

तीस तारखेला पाटील पल्याड जाऊन सही करून आले. एकतीसला ग्रामपंचायतीचा शिपाई एक कागद देऊन गेला, ठरावाची नक्कल. ह्यांचा चष्मा फुटलेला. म्हणाले, “वाच.” मी उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचायला लागले, गल्लीला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं. कलम एक ते सहा मंजूर. कलम सात वगळण्यात आले आहे. सबब श्री. आनंदराज सोनकांबळे यांची जबाबदारी ग्रामपंचायतीवर राहणार नाही.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मनात वाचलं. समोरच्या दारात अंजू उभी होती, ती आत गेली.

ह्यांनी विचारलं, “हे कुणी मांडलं? खाली लिवलेलं असतंय. सूचक म्हणून नाव असतंय बघ. अप्पा हाय का संगमेश्वर?”

मी खाली बघितलं. ज्यानं ठराव मांडला त्याचं नाव सूचक म्हणून लिवायची पद्धत हाय, अन् त्या सत्यमनं ती पद्धत नीट पाळली होती. सुवाच्य अक्षरात. सूचक, सौ. बुद्धप्रिया आनंदराज सोनकांबळे.

आयुष्यभर माझं तोंड कुणापुढं बंद पडलं न्हाई. त्या दिवशी जीभ उचलंना. माझ्या मनात आलं, खोटं सांगावं, अप्पाचं नाव घ्यावं. ह्यांना वाचता तर येत नव्हतं चष्म्याशिवाय. पण ज्या माणसानं आठ महिने एकाचं दुसऱ्याला सांगितलं न्हाई, त्याच्याशी मला खोटं बोलवंना.

मी म्हणलं, “मी हाय.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावले असते, हात उगारला असता, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, सरळ घडी घातली अन् पुन्हा माझ्याच हातात दिला.

“उद्या पाणी कोण सोडणार हाय, ते लिवलंय का बघ त्यात.”

मी घडी उघडून सगळा कागद पुन्हा वाचला. ते कुठंच लिवलेलं नव्हतं.